बारावी पिशवी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. गुरुशांत,

सगळ्यांच्या आधी आली ती मथुराबाई. पाहुणे अकराला यायचे, ही नऊलाच आपल्या दारात, नवं पातळ नेसून, जसं काय तिच्याच लेकीला बघायला येणार होते. "शिवम्मा, मोटारी किती येनार हायत?" म्हणली. मी म्हणलं एक. तिचं तोंड एवढंसं झालं. मग शेंगापोळीचा वास आला तसं परत फुललं. दोन पोळ्या खाऊन, तिसरी नातवाला म्हणून पदरात बांधून ती चिंचेखाली खुर्ची धरून बसली, ती पाहुणे जाईपर्यंत हलली नाही.

तू म्हणशील, आठ वर्षांत एक शब्द नाही आणि आज अव्वाला मथुराबाईचं पातळ सांगायचं सुचलं. सुचलं बाबा. तू फोन उचलत नाहीस. पत्र तरी पोस्टमन दारात टाकून जातो, ते परत पाठवायचं म्हणजे तुलाच हेलपाटा. मी तिसरीपर्यंत शिकले, त्यातही मास्तर निम्मा वेळ आजारी, तेव्हा ऱ्हस्व दीर्घ बघू नको.

आनंदाचं आधी सांगते. तुझी महेश्वरी आज तिच्या कामाला पैसे देणाऱ्या त्या पुण्याच्या बाईंशी इंग्रजीत बोलली. न अडखळता. तिचे विद्यापीठातले सर शेजारी नुसते मान हलवत उभे. मला एक अक्षर कळलं नाही पण मी दारात उभी राहून सगळं ऐकलं, आणि मथुराबाईला म्हणलं, ही रुद्रप्पाची नात. ते असते तर त्यांनी फेटा बांधला असता.

तू तिला हुबळीहून माझ्याकडं पाठवलंस तेव्हा सांगितलंस म्हणे, एक वर्ष राहा, सरांनी जागा तिथंच निवडलीय म्हणून, पण अव्वाच्या हातचं औषध म्हणून काही घ्यायचं नाही. तिनं मला ते हसत सांगितलं. मी पण हसले. त्या एका वर्षावर तीन महिने झालेत आणि तू अजून बोलावलं नाहीस, ते मी देवाजवळसुद्धा मोठ्यानं बोलत नाही.

तिचं काम तुला ठाऊक असेलच, तरी मी बघितलेलं सांगते. आपल्या बांधापलीकडं सोमलिंगचा गोठा, त्यात आता एकशे ऐंशी म्हशी. मुताचं, शेणाचं धुतलेलं पाणी बांधावरून ओढ्याला जातं. म्हशीची कास सुजली की तो इंजेक्शनं मारतो, त्याचा अंश त्याच पाण्यात. पाच वर्षं झाली, आपल्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही. तर महेश्वरीनं बांधावर दोन निळ्या टाक्या बसवल्या. टाकीत कांद्याच्या जाळीच्या बारा पिशव्या सोडल्यात, त्यात चकलीएवढी प्लास्टिकची चाकं, हजारांनी. खालून सारखी हवा बुडबुडते. एका अंगानं गोठ्याचं पाणी आत येतं, दुसऱ्या अंगानं बाहेर पडतं, आणि बाहेर पडणाऱ्याला वास नाही. पहिल्यांदा मी तीनदा नाक घालून बघितलं. त्या चाकांवर एक तपकिरी थर धरतो. तो थर मुतातलं विष खातो आणि औषधाचा अंशपण पचवतो, सगळ्या औषधांचा नाही, दोन तीन जातींचा. असं महेश्वरीनं सांगितलं. आता सांगितलं.

बाईंनी बाहेर पडणारं पाणी छोट्या बाटलीत घेतलं. त्यात थेंब टाकायचे असतात. पाणी चांगलं असेल तर रंग येत नाही, वाईट असेल तर पिवळा येतो. रोज महेश्वरी टाकते, रोज रंग येत नाही, मी बघते की.

आज हळदीसारखं पिवळं झालं.

दुसरी बाटली घेतली. तीही तशीच. बाईंनी मराठीत विचारलं, "हे नेहमी असंच असतं का?" सर खाली बघायला लागले. महेश्वरीनं टाकीत हात घालून एक पिशवी वर ओढली. आतली चाकं पांढरी, मोगऱ्याच्या कळ्यांसारखी. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमलिंग कुंपणापाशी होता. ती त्याला म्हणली, "दादा, टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकलीत का? वास येऊ नये म्हणून?"

"मी कशाला टाकू? माझ्या म्हशींस्नी सोडून मला तुझ्या टाकीचं काय पडलंय?"

चिंचेखालून मथुराबाई बोलली, "काल गोठ्यात पांढरं पांढरं फवारत व्हतास की रं."

झालं. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मी पोळ्यांचं ताट घेऊन उभी होते. त्यानंच टाकलं असेल. तो तसा पहिल्यापासून उतावळा.

जाताना बाई म्हणल्या, पुढच्या वर्षाचे पैसे द्यायचे की नाही ते आम्ही बोलून कळवतो. नाही म्हणल्या तर टाक्या उचलणार आणि पोरगी हुबळीला जाणार. तू तिला परत कशाला पाठवशील? रात्री ती जेवली नाही. शेंगापोळ्या तशाच आहेत, तुपासकट.

अक्षर वाकडं येतंय कारण अंगठ्याला चिंधी बांधलीय. विळी लागली.

तुझी अव्वा


शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. गुरुशांत,

विळी लागली नाही.

तुला सांगते, कारण तू बोलत नाहीस म्हणजे बोलून टाकणारही नाहीस. टाक्या मी धुतल्या. सोमवारी, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी. महेश्वरी सरांकडं विद्यापीठात गेली होती, तिनं सांगितलं सगळं तयार आहे अज्जी, तू फक्त पोळ्या कर. पोळ्यांचं पुरण झालं, अंगण सारवून झालं, पितळेचे तांबे चिंचेनं घासून झाले, आणि माझी नजर टाकीत गेली. आत सगळं बुळबुळीत, तपकिरी, शेवाळल्यासारखं. पुण्याच्या बाई येणार, आणि पोरीच्या टाकीत हे. म्हणतील, कुणी वळण लावलं नाही का हिला. मला माझ्या सासूचा आवाज ऐकू आला, खरं सांगते. पाहुण्यानं आधी मोरी बघावी, मग देवघर, असं त्या म्हणायच्या.

पोरीनं मला सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "अज्जी, यात जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे." मी शेंगा भाजत होते. हो हो म्हणलं. जीव आहेत म्हणल्यावर मी समजले की किडे. आणि किडे असतील तर पाहुणे यायच्या आत काढायला नकोत?

पिशव्या एक एक करून काढल्या. ग्रामपंचायतीनं विहिरीत टाकायला टीसीएल पावडर दिलेली, ती गरम पाण्यात कालवली. त्यात बुचकळून धुण्याच्या दगडावर आपटल्या, अंथरुणं धुतात तशा. सगळा थर वाहून मोरीत गेला. चाकं अशी निघाली की मला वाटलं, आता पोरगी आल्यावर माझा मुका घेईल. अकरा पिशव्या झाल्या. पिशव्यांची तोंडं बारीक तारेनं बांधलेली आहेत. बारावीच्या तारेनं अंगठा कापला आणि पाठही धरली होती, म्हणून ती एक राहिली. ती घाणेरडी पिशवी इतक्या पांढऱ्यांच्यात कशी ठेवायची? गोठ्याकडच्या फुटक्या हौदात फेकून दिली, जिथं पन्हाळीतून सोमलिंगचं मुताचं पाणी पडतं. कुणाला दिसायला नको म्हणून वरून पोतं टाकलं. अंधार पडल्यावर पोरगी आली तेव्हा टाकीत बघण्याइतका उजेड नव्हता, आणि मी तिला सांगितलं नाही. सकाळी चकित करायचं होतं, पण ती उजाडायच्या आत पाहुण्यांना आणायला गेली, ती त्यांच्याबरोबरच आली.

बाटली पिवळी झाली तेव्हा मला कळलं. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच. मथुराबाईनं सोमलिंगचं नाव घेतलं आणि मी पोळ्यांचं ताट पुढं केलं.

काल तो आला होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हणलं तर आला नाही.

"काकी, तुमच्या नातीला सांगा, पाइप मी बंद केला. माझं पाणी घ्यायचं आणि माझ्यावरच आळ? डेअरीवर लोक विचारायल्यात, तू त्या पोरीच्या टाकीत विष टाकलंस का म्हणून. माझं दूध घ्यायला मागं पुढं बघायल्यात."

मी म्हणलं, "बस की, चहा टाकते."

"नगं चहा. रुद्रप्पाकाकानं मला पोहायला शिकवलं त्या विहिरीत. त्यात मी विष टाकीन व्हय?"

गेला. चहा टाकला होता तो मी प्याले नाही. पाइप बंद म्हणजे टाकीत पाणीच नाही. महेश्वरी रात्रंदिवस चाकं चाचपत बसते, एखादं तरी जिवंत आहे का बघत. मला विचारते, "अज्जी, तू दुपारी कुणाला टाकीपाशी बघितलंस का? एक पिशवीपण गायब आहे." आणि मी म्हणते, "माझं लक्ष पुरणाकडं होतं." एकदा नाही, तीनदा म्हणलं.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. अंगठा सुजलाय. हळद भरली, तूप लावलं. लाल रेघ मनगटापर्यंत आलीय. तुला आठवतं, ह्यांच्या पायाला चप्पल चावली होती तेव्हा पहिल्यांदा अशीच रेघ होती. घोट्यापासून वर. मग वीस दिवस दवाखाना, आणि तो तरणा डॉक्टर म्हणला, आजी, ह्या जंतूंनी सगळी औषधं आधीच चाखलेली आहेत, एकही लागू पडेना. तू कॉटच्या पलीकडून माझ्याकडं बघितलंस. बाराव्याला बोललास, सगळ्यांसमोर. "अव्वाच्या डब्यानं माणूस खाल्लं."

तो डबा अजून आहे. बिस्किटाचा, वर गुलाबाचं चित्र. तुला आठवत असेल, कुणाच्या उरलेल्या लाल पिवळ्या गोळ्या असतील त्या मी त्यात ठेवायची. पाच दिवसांच्या दिल्या तर दोन दिवसांत बरं वाटतं, मग तीन दिवसांच्या फुकट कशाला घालवायच्या? ह्यांना शिंक आली की दोन. कणकण आली की दोन. अर्धी गल्ली मला डॉक्टरीण म्हणायची आणि मला ते गोड लागायचं. ह्यांच्या माघारी त्यातली एकही कुणाला दिली नाही. पण फेकलाही नाही. का ते विचारू नको.

काल रात्री डबा काढला. थंडी वाजत होती. झाकण उघडून बसले. पुढं काय केलं ते लिहीत नाही.

मला भ्या वाटतंय रे गुरुशांता. मरायचं नाही, सत्तरी गाठली की. माझ्याच हातानं दुसऱ्यांदा, आणि दोन्ही खेपेला मी चांगलंच करायला गेले होते, त्याचं भ्या.

तुझी अव्वा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. गुरुशांत,

हात बांधलेला आहे, चार बोटांत पेन धरलंय. महेश्वरी म्हणली मी लिहून देते. नको म्हणलं, तुझ्या बापाला माझं वाकडंच बरं.

परवा सकाळी मी डाव्या हातानं भाकरी थापत होते. भाकरी कुठं गोल होतीय, तिचा झाला विजापूर जिल्ह्याचा नकाशा. पोरीनं बघितलं. जवळ आली आणि चिंधी सोडली. वास आला.

"अज्जी, विळीनं असं कापत नाही. ही तार आहे. माझ्या पण बोटाला आहे बघ, त्याच पिशवीच्या तारेची." आणि तिनं तिचं बोट माझ्या अंगठ्याशेजारी धरलं.

मी म्हणलं, "भाकरी करपायलीय."

"करपू दे. तू धुतल्यास?"

मी मान हलवली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं. तिनं तवा खाली उतरवला, माझं लुगडं नीट केलं, आणि रिक्षा बोलावली. नव्या पेठेत रिक्षा अडकली, एका दुकानापुढं लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं रस्ताभर. त्या गर्दीत ती मला विचारते, "ताप कधीपासून आहे?"

"ताप न्हाई."

"अज्जी, तुझा हात तव्यासारखा लागतोय. गोळी खाल्लीस?"

"न्हाई."

"अज्जी."

"सहा."

"सहा गोळ्या?"

"तीन दिवस. सकाळी एक, रात्री एक. जुन्या होत्या, पण वास बरा होता."

तेव्हा ती रडली, गुरुशांता. टाकीसाठी नाही रडली, इतक्या दिवसांत एकदाही नाही, आणि त्या सहा गोळ्यांना रडली. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं मी मरायलीय. त्यानं हॉर्न वाजवून वाजवून वाट काढली.

डॉक्टरीण बाईंनी चिरा दिला, पू काढला. थोडा पू बाटलीत भरून तपासायला पाठवला. कुठलं औषध चालेल ते त्यातनं कळणार, तीन दिवस लागतात. तोवर एक औषध सुरू केलंय. महेश्वरीनं त्यांना सगळं खरं सांगितलं, डब्याचं, आजोबांचं, मी गोठ्याच्या पाण्यात हात घातला त्याचं. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणल्या, बघूया. दवाखान्यात बघूया म्हणतात ना, मला तो शब्द कळतो. आठ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तोच म्हणले होते.

येताना मीच म्हणलं, "आता परत नाही का धरायचा तो थर?"

"धरेल. पण शून्यातून धरायला अडीच महिने लागतात, आणि बाई तेवढं थांबणार नाहीत. आणि आता पाणीही नाही, पाइप बंद."

"शून्यातून कशाला? विरजण आहे की."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, अकराच धुतल्या, बारावी हौदात टाकली, पोत्याखाली. दह्याचं भांडं कितीही घासायचं असलं तरी आधी वाटीभर बाजूला काढतातच की, मी तर न समजता काढून ठेवलंय. तिनं रिक्षावाल्याला म्हणलं, काका, जरा जोरात.

हौदात पोत्याखाली पिशवी तशीच होती. तपकिरी, बुळबुळीत, गोठ्याचं पाणी पन्हाळीतून तिच्यावर ठिबकत होतं. पोरीनं त्यातलं एक चाक काढून तळहातावर ठेवलं, जसं काय पाखराचं पिल्लू. मी इतकी वर्षं जगले, शेवाळ बघून कुणाला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

पण पाण्याशिवाय विरजण कशाला लावायचं? दूधच नाही. म्हणून काल हात गळ्यात बांधून मी गोठ्यावर गेले. सोमलिंग धार काढत होता, चार गडी होते.

मी म्हणलं, "सोमलिंग, तू न्हाई टाकलं. मी धुतल्या टाक्या. आणि तुझं नाव निघालं तेव्हा गप्प बसले."

तो उठला नाही. धार चालूच. "काकी, माझं नाव गावभर झालं, आणि तुमी माफी मागताय माझ्या म्हशींम्होरं?"

"मग कुणापुढं मागू?"

"मथुराबाईम्होरं. एका तासात गावाला कळंल."

गडी हसले. मी हसले नाही. तिथनं तडक मथुराबाईच्या अंगणात गेले आणि सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन बायका पापड घालत होत्या त्यांच्या देखत. तिला एक तास लागला नाही. मी घरी पोचेपर्यंत समोरच्या किराणा दुकानात माहीत होतं. पोरं म्हणायलीत, टीसीएल अज्जी. म्हणू देत.

आज सकाळी पाइपातनं पाणी आलं. पाणी आलं तेवढं बास.

पण अंगठ्याचा कागद अजून आला नाही. शनिवारी येणार. रेघ कालच्या जागीच आहे, पोरगी पेननं खूण करून ठेवते, कोपराच्या अलीकडं चार बोटं. खूण ओलांडली का ते मी तासातासाला बघते, आणि दर वेळी वाटतं ओलांडली. ह्यांच्या कॉटशेजारी मी सिद्धेश्वराला म्हणलं होतं, माझी वर्षं घे. त्यानं तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकलं तर काय करायचं, असं मनात येतं. लाज वाटते, पण मला जगायचंय रे. ती चाकं परत तपकिरी झालेली बघायचीत.

तुझी अव्वा


रविवार, २ मार्च

चि. गुरुशांत,

मथुराबाईच पहिली आली होती परत, अंगठा बघायला. म्हणली, "कापला न्हाई व्हय? गावात तर कापला म्हनत्यात." मी म्हणलं, ते तूच सांगितलं असशील. "तसं न्हाई, मी म्हनलं कापतील."

कापला नाही. त्या शनिवारी कागद आला. डॉक्टरीण बाईंनी वाचून दाखवला, डाव्या बाजूला औषधांची नावं, उजवीकडं चालतं की नाही. सात ठिकाणी नाही. पोरीनं माझा दुसरा हात धरला होता. सात नाहींच्या खाली दोन ठिकाणी चालतं. बाई म्हणल्या, "आजी, दोन उरलीत. ही अर्धवट सोडली तर एक उरेल." दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, वीस. तिसऱ्या दिवशी रेघ मनगटाच्या खाली उतरली, पाचव्या दिवशी मला एकदम बरं वाटलं. सहाव्या दिवशी सकाळी गोळी हातात घेऊन बसले. आयुष्यभराची सवय, हात आपोआप कपाटाकडं गेला. वीसच्या वीस खाल्ल्या. शिवरात्रीच्या उपासाला विसावी खाल्ली, बाईंनी सांगितलेलं म्हणून आधी दोन घास भगर खाऊन. माझ्या वीस झाल्या, ह्यांच्या वेळी मी त्यांना कधी पाचसुद्धा पुऱ्या दिल्या नाहीत. तू बाराव्याला बोललास ते खरं होतं. सगळंच नाही, त्यांची साखर होती, वय होतं. पण थोडं खरं होतं. मी आठ वर्षं त्याला खोटं म्हणत होते, म्हणून तू फोन उचलत नव्हतास का?

डबा मी ओढ्यात टाकायला निघाले होते. महेश्वरीनं दारातच अडवलं. "अज्जी, मी वर्षभर ओढ्यातनं औषध काढायलीय, आणि तू त्यात डबा ओततेस?" मग गोळ्या दवाखान्यात नेऊन दिल्या, तिथं जाळतात म्हणे. रिकामा डबा मागून आणला. त्यात आता राई आहे.

टाक्यांचं सांगते. बाराव्या पिशवीतली चाकं तिनं अकरा पिशव्यांत वाटून घातली, मूठ मूठ. बारावीतही थोडी ठेवली, विरजण मोडता कामा नये म्हणून. दिवसा ऊन, रात्री थंडी, तर मी जुनी वाकळ टाकीला गुंडाळायला दिली. दह्याचं भांडं गुंडाळतोच की. हसू नको, पोरीच्या सरांनी फोनवर ऐकलं आणि म्हणले, असू दे. पहिला आठवडा काहीच नाही. बाटली रोज हळदीसारखी. महेश्वरी वहीत लिहायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघायची, जसं परीक्षेच्या निकालाला तुझ्याकडं बघायची. अकराव्या दिवशी मला वाटलं पिवळा जरा फिका आहे. तिला म्हणलं, ती म्हणली तुला वाटतंय. तेराव्या दिवशी तिला पण वाटलं. काल लिंबाच्या सालीसारखा होता, आज पिकल्या पेरूच्या आतल्यासारखा. चाकांना हात लावून नाही बघितलं. लांबनं दिसतं, कडा तपकिरी धरायलीत.

बिनरंगी मात्र अजून नाही. आणि औषधाचा अंश तपासायला पाणी पुण्याला पाठवलंय, त्याचा कागद यायचाय. तिनं पुण्याच्या बाईंना स्वतः फोन करून सगळं सांगितलं, "माझ्या आजीनं पाहुणे येणार म्हणून धुतलं." मी शेजारी बसले होते, जमीन दुभंगावी असं झालं. बाई कितीतरी वेळ हसल्या, मला फोनमधनं ऐकू येत होतं. मग हसायचं थांबल्या आणि म्हणल्या, आजीच्या हौसेपुढं टिकत नसेल तर गोठेवाल्याच्या हाताखाली कसं टिकेल, ते पण लिही अहवालात. आणि एकदा परत बघू. पण एकदाच, म्हणल्या.

आणखी एक. परवा तुझा तिला फोन आला होता. मी पलीकडं तांदूळ निवडत होते. ती म्हणली, "हो अप्पा, बरा आहे, नख जाईल पण अंगठा बरा आहे." म्हणजे तू विचारलंस. म्हणजे पत्रं वाचलीस. फोन दे म्हणाला नाहीस, मीही हात पुढं केला नाही. पण तांदळातले खडे मला दिसेनात नंतर, तसाच भात लावला, पोरीच्या दाताखाली दोन आले.

तिला तू घरी कधी बोलावणार ते मी विचारत नाही. रात्री जाग आली की कंदील घेऊन बांधावर जाते, बुडबुडे चालू आहेत का ऐकते, आणि परत येते. हात लावत नाही. भ्या वाटतं, माझ्या नजरेनंसुद्धा ते जीव मरायचे.

काल सर स्वतः येऊन सांगून गेले. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला, तो घासलेला नव्हता, आणि मी तसाच दिला. या खेपेला मी अंगणसुद्धा सारवणार नाही. पुण्याच्या बाई आणि ते, दोघं परत येणार आहेत. सोमवारी, दहा मार्चला, सकाळी अकरा वाजता.

तुझी अव्वा